सातेरीचा हिवाळा



परसातल्या मधमाश्यांवर बोलायचं ठरलं, तेव्हापासून एकच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातोय. थंडी आली, आता पेटीला पांघरूण घालायचं का? विचारणाऱ्यांनी कुठेतरी परदेशातल्या मधपेट्यांची चित्रं पाहिलेली असतात. पेटीभोवती डांबरी कागद गुंडाळलेला, झाकणावर वीतभर बर्फ आणि आत हजारो माश्या एकमेकींना बिलगून बसलेल्या. चित्र खरं आहे. कॅनडात, रशियात, उत्तर युरोपात हे करावंच लागतं. तिथे चार-पाच महिने एक फूल मिळत नाही. तेवढ्या काळासाठी एका वसाहतीजवळ 25 ते 40 किलो मध शिल्लक ठेवावा लागतो, नाहीतर वसंत येईपर्यंत पेटी रिकामी होते. तिथल्या माश्या थंडीपेक्षा भुकेनं आणि ओलीनं जास्त मरतात. पोटात मध असेल आणि अंग कोरडं असेल, तर थंडी त्या निभावून नेतात.

आता मराठवाड्यातल्या आपल्या जिल्ह्याकडे पाहा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10-12 अंशांवर येतो, लाट आली तर आणखी खाली उतरतो. दुपारी मात्र 28-29 अंश. आणि त्या दुपारी शिवारात काय काय फुललेलं असतं? शेंगांच्या मागे उशिराच्या तुरीवर अजून पिवळी फुलं असतात, रब्बीचा जोंधळा फुलोऱ्यात येतो, करडई उमलायला लागते, धन्याच्या वाफ्यांवर पांढरी चादर असते. आपल्या माशीसाठी हिवाळा ही सुगी आहे. तिची उपासमार होते ती पावसात, आणि दुसऱ्यांदा वैशाखात. म्हणून पुस्तकात हिवाळ्याच्या तयारीचं जे प्रकरण असतं, ते आपण आषाढात उघडावं आणि पुन्हा एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडावं. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकीचा वेळ ते कसं करायचं, यासाठी.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. आग्या माशीला विचारा. आग्या माश्या ऋतूप्रमाणे प्रवास करतात. पावसाळ्यात त्यांचे कडे ओस पडतात. पाऊस सरला की त्या परत येतात. अजिंठ्याच्या कड्यावर, वेरुळात, आपल्या शहरातल्या पाण्याच्या टाक्यांखाली आणि उंच इमारतींच्या सज्जांना ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून काळी पोळी लटकायला लागतात. उघड्यावर, एकाच पोळ्यात, भर थंडीत त्या राहतात. थंडी जर मधमाशीची वैरीण असती, तर उघड्या कड्यावर राहणारी माशी नेमकी थंडीच्या तोंडावर मराठवाड्यात कशाला आली असती? ती अन्नाच्या मागे येते.

महाबळेश्वरचंही तसंच आहे. आपल्या राज्यातल्या शास्त्रीय मधमाशीपालनाचं ते माहेर. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथे आहे, मध उत्पादकांची सहकारी सोसायटी तिथे आहे, आणि 2022 साली ज्या मांघरला देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, तेही महाबळेश्वर तालुक्यातलं. तिथे थंडी आपल्यापेक्षा जास्त. तरी तिथल्या मधपाळाला धास्ती असते पावसाळ्याची. चार महिने धुवांधार पाऊस, माशीला बाहेर पडता येत नाही, पडली तरी फुलातला मकरंद धुऊन गेलेला. त्या काळात साखरेचा पाक घालूनच वसाहती जगवाव्या लागतात. पावसाळ्यात पेटी जगवायला शिकलेला माणूसच तिथे मधपाळ म्हणून टिकतो. आपल्याकडे पाऊस जेमतेम 700 मिलिमीटरच्या आसपास, पण न्याय तोच.

आता माशी थंडीत काय करते, ते थोडं पाहू. माशीचं एकटीचं रक्त थंड. पण वसाहतीला स्वतःची ऊब असते. पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या-कोश, असलेल्या पोळ्याचा मधला भाग बाराही महिने 34-35 अंशांवर राखलेला असतो. बाहेर गार पडलं की कामकरी माश्या पिलाव्यावर दाटीनं बसतात आणि पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतात. त्या थरथरीतून उष्णता निघते. तिचं सरपण म्हणजे मध. त्यामुळे घरात मध आणि अंगाला अंग लावायला पुरेशा माश्या एवढं असलं की आपल्याकडची थंडी तिला सहज झेपते. पाच-सहा चौकटी गच्च माश्यांनी भरलेली वसाहत पहाटे 8 अंशांतही मजेत असते. दोन चौकटींवर विरळ पसरलेली वसाहत मात्र 14 अंशांतही पिलावा गारठून घालवते. म्हणजे कागद गुंडाळून काही साधत नाही. मार्गशीर्षात पेटीत किती माश्या असतील, ते भाद्रपदात ठरतं.

आपल्या परसात ठेवायची ती सातेरी. हिलाच सातपुडी म्हणतात, कारण ती अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. झाडाची ढोली, जुन्या वाड्याची भिंत, विहिरीचा कोनाडा ही तिची मूळ घरं. मेलिफेरा ही बाहेरून आलेली माशी. 1960च्या दशकात ती पंजाबात स्थिरावली आणि आता महाराष्ट्रातही तिच्या पेट्या ट्रकमधून बहराच्या मागे फिरतात. मध ती जास्त देते, पण तिला भोवती पुष्कळ फुलोरा लागतो, गोचिडीचा उपद्रव तिला फार होतो, आणि दोन आळ्यांच्या मधल्या परसात तिचं भागत नाही. वरोवा नावाची ही गोचीड मुळात सातेरीवरचीच. सातेरी पिढ्यान् पिढ्या तिच्याबरोबर राहत आलेली असल्यानं एकमेकींचं अंग साफ करून तिला आवाक्यात ठेवते. त्यामुळे युरोपातल्या पुस्तकांत हिवाळ्याआधी गोचिडीवर औषध करण्याची जी पानंच्या पानं असतात, ती सातेरीवाल्यानं बाजूला ठेवायला हरकत नाही.

मात्र सातेरीच्या काही सवयी मेलिफेरापेक्षा वेगळ्या आहेत, आणि थंडीची तयारी त्या सवयींवरच उभी आहे. मेलिफेरा झाडांवरून राळ गोळा करते आणि पेटीतली फट न् फट लिंपून टाकते. सातेरी राळ आणत नाही. फट राहिली तर राहिली. म्हणून ते काम आपण करायचं. ऑक्टोबरात एखाद्या दुपारी पेटीचे सांधे बोटानं चाचपा, लाकूड उन्हात तडकलं असेल तिथे शेणमाती किंवा मेण भरा. तळपाट आणि कोठी यांच्यामधली फट विसरू नका. वाऱ्यापेक्षाही मोठा धोका तिथून शिरणाऱ्या मेणपतंगाचा असतो.

दुसरी सवय प्रत्यक्ष पाहण्यासारखी आहे. पेटीच्या दारात वारा घालणाऱ्या माश्या नीट बघा. सातेरी डोकं बाहेर आणि शेपटी आत ठेवून उभी राहते आणि बाहेरची हवा आत ढकलते. मेलिफेरा नेमकी उलटी उभी राहते, तोंड दाराकडे करते आणि आतली दमट हवा बाहेर ओढते. ओळीनं चार-पाच सातेरी माश्या फळीवर पाय रोवून, पोट किंचित उचलून, पंख दिसू नयेत इतक्या वेगानं हलवत उभ्या असतात. बोट जवळ नेलंत तर वारा आत जाताना जाणवतो. पण हवा आत ढकलल्यामुळे आतली वाफ पटकन निघत नाही, आणि थंड रात्री सातेरीच्या पेटीत भिंतींना ओल धरते. म्हणून हौसेनं पेटी सगळीकडून बंद करून टाकू नका. दार बारीक करायचं, पण वरच्या हवेच्या जाळीला बोळा कोंबायचा नाही. आतल्या झाकणावर कोरड्या गोणपाटाची एक घडी ठेवली की ती ओल शोषते आणि ऊबही धरते. आठ-पंधरा दिवसांनी ती घडी उन्हात वाळवायची. आपल्या शहरात पेटीला पांघरूण लागतं ते एवढंच.

तिसरी सवय म्हणजे जुनं पोळं कुरतडणं. काळं पडलेलं मेण सातेरीला आवडत नाही. ती ते खालून तोडते आणि भुगा तळपाटावर पडतो. त्या भुग्यात मेणकिडा वाढतो. पावसाळ्यात वसाहत लहान झालेली असते, सगळी पोळी झाकायला माश्या पुरत नाहीत, उघड्या पडलेल्या पोळ्यात अळ्या बोगदे करतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सोडतात. एवढं झालं की एका सकाळी पेटी रिकामी सापडते. सातेरीचा हाच मोठा गुण आणि हीच मोठी अडचण आहे. जागा नकोशी झाली की ती भांडत बसत नाही, निघून जाते. भूक, मेणकिडा, मुंग्या, रोजची उघडझाप यांपैकी कुठलंही कारण तिला पुरतं. नवीन मधपाळ म्हणतात माश्या पळाल्या. आधीच्या महिनाभराची नोंदवही उघडून बघितली, तर कारण बहुतेक वेळा त्यात सापडतं.

म्हणून बैलपोळ्यापासून घटस्थापनेपर्यंतचा महिना मी आपल्याकडच्या मधपाळासाठी वर्षातला सर्वांत मोलाचा मानते. शिवार हिरवंगार दिसतं आणि माणूस फसतो. मक्याला तुरे आलेले असतात, सिल्लोड-कन्नडकडे तर नजर जाईल तिथवर मका. माशी त्यावरून परागाच्या पिवळ्या गोळ्या भरून आणते. पण मक्याच्या तुऱ्यात मकरंद नसतो. पराग म्हणजे पिलाव्याचं अन्न, मध म्हणजे सगळ्यांचं इंधन. परागाच्या जोरावर राणी अंडी घालत सुटते आणि घरात मधाचा थेंब नसतो, अशी स्थिती भाद्रपदात हटकून येते. चौकट उचलून बघा. पिलाव्याच्या वर कमानीसारखा मधाचा पट्टा असायला हवा. तो दोन बोटांपेक्षा कमी असेल, तर त्याच संध्याकाळी खायला घाला.

घालायचं काय, तर साधी पांढरी साखर. पिलावा वाढवायचा असेल तर साखर आणि पाणी समसमान. साठा करायचा असेल तर दोन भाग साखर, एक भाग पाणी. पाणी उकळून उतरवायचं, मग साखर विरघळवायची आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. गूळ नको, काकवी नको. त्यातल्या इतर द्रव्यांनी माश्यांना हगवण लागते. बाजारातला मध तर मुळीच नको, कारण त्यातून परक्या वसाहतीचे रोग येतात. नारळाची करवंटी घ्यायची, तिच्यात पाक ओतायचा आणि वर चार-पाच वाळक्या काड्या तरंगत ठेवायच्या. काड्या नसतील तर माश्या पाकात बुडून मरतात. काड्या असल्या की त्यांवर रांगेनं बसून सोंड खाली सोडतात, आणि पाऊण तासात करवंटी कोरडी होते. हे सगळं सूर्य मावळल्यावर आणि पेटीच्या आतच करायचं. दिवसा बाहेर पाक ठेवला किंवा सांडला, तर शेजारपाजारच्या माश्या येतात, लूट सुरू होते आणि दुबळी वसाहत एका दुपारीत संपते.

याच महिन्यात पिलावा तपासायचा. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी आणि वळून बसलेली असते. घरात सरळ ताठ पडलेली, डोकं काळवंडून वर आलेलं, चिमट्यानं उचलली तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी लोंबणारी अळी दिसली, तर तो सॅकब्रूड. या विषाणूच्या थाई प्रकारानं 1991-92च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतींचा अक्षरशः फडशा पाडला, केरळातला हा धंदा तेव्हा पार बसला होता. त्यावर औषध नाही. ती चौकट दुसऱ्या पेटीत घालायची नाही, हत्यारं उकळत्या पाण्यात धुवायची, वसाहत जोरकस ठेवायची, आणि रोग हटलाच नाही तर राणी बदलायची.

आता शहरातल्या मधपाळानं लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी सांगते, ज्या कुठल्याही पुस्तकात नाहीत. पाऊस ओसरला की डेंग्यूचा ताप सुरू होतो आणि गल्लोगल्ली धूर फवारणीची गाडी फिरते. ती फिरायलाच हवी, माणसांचा जीव आधी. पण तो धूर कीटकनाशकाचा असतो, आणि गाडी संध्याकाळी येते, म्हणजे नेमकी सगळ्या माश्या घरात असताना. फवारणी कधी आहे याची वॉर्डात आधी चौकशी करा. त्या संध्याकाळी अंधार पडला की दाराला बारीक जाळी लावा आणि पेटीवर ओलं गोणपाट टाका. धूर विरला की गोणपाट काढा, पहाटे जाळी काढा. गोणपाट रात्रभर ठेवलंत तर आत गुदमरतील. याच्याशी जोडलेली एक गोष्ट: मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीच्या चारी पायांखाली आपण पाण्याच्या वाट्या ठेवतो. त्या पाण्यात डास होतात. वरती गाडीचं वापरलेलं तेल थोडं ओता, डास होणार नाहीत आणि मुंगीही ओलांडणार नाही.

दुसरी गोष्ट दिवाळीची. रात्री पेटीच्या दारासमोर उजेड असेल, तर माश्या त्याकडे ओढल्या जातात. आकाशकंदिलाभोवती घिरट्या घालतात, गारठतात आणि सकाळी अंगणात पडलेल्या दिसतात. कंदील पेटीकडून दिसणार नाही अशा बाजूला लावा, आणि गच्चीवरचा मोठा दिवा असेल तर त्याचं तोंड फिरवून घ्या.

दसऱ्यापासून दिवस बदलतात. बोरीला बारीक हिरवट फुलं येतात. आपण तिच्याकडे पाहतही नाही, पण त्या झाडाखाली उभं राहिलं तर गुणगुण ऐकू येते. तूर फुलते. शहरात कुंपणांवर गुलाबी आइस्क्रीम वेल भरभरून असतो, तुळशीच्या मंजिऱ्या असतात, शेवग्याला फुलं लागतात. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत चरते. शहराच्या नकाशावर आपल्या घराभोवती तेवढं वर्तुळ काढून बघा, त्यात किती हिरवळ येते ते. हिमायतबागेजवळ, सलीम अली सरोवराच्या कडेला किंवा विद्यापीठाच्या आवाराशेजारी राहणाऱ्याचं वर्तुळ श्रीमंत असतं. नुसत्या सिमेंटच्या वसाहतीत राहणाऱ्यानं एकाच पेटीवर थांबावं आणि आधी कॉलनीत शेवगा, करंज, कडुनिंब लावायला माणसं गोळा करावीत. फुलं नसलेल्या जागी हौसेनं पेट्या ठेवणं मला पटत नाही. त्यानं तिथल्या जंगली माश्यांच्या तोंडचा घासही आपण कमी करतो.

हा बहर सुरू झाला की राणीला जागा लागते. जुनं काळं पोळं काढून मेणपत्रा लावलेली चौकट द्या. वसाहत आठही चौकटींवर पसरली असेल तर ऑक्टोबर अखेरपर्यंत विभागणी करून घ्या. त्यानंतरची विभागणी मी टाळायला सांगते, कारण दोन अर्धवट वसाहती पौषाच्या पहाटेला भारी पडतात.

आणि कपाशी. मराठवाड्यात बसून मधमाशीवर बोलायचं आणि कपाशीवर बोलायचं नाही, असं होणार नाही. कपाशीच्या फुलात मकरंद असतो आणि पानाच्या मागच्या बाजूला शिरेवरही मकरंदाची ग्रंथी असते, त्यामुळे फूल नसतानाही माशी कपाशीवर येते. फवारणी नेमकी याच दिवसांत होते. निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं अंगात भिनणारी असतात, झाडाच्या रसातून पराग-मकरंदात उतरतात आणि अगदी थोड्या मात्रेतही माशीला घरची वाट विसरायला लावतात. शहराच्या कडेला, गारखेडा-चिकलठाण्याच्या पलीकडे, ज्यांच्या पेटीच्या वर्तुळात शेतं येतात, त्यांनी शेतकऱ्याला जाऊन भेटावं. फवारणी बंद करा असं सांगायला नाही, तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. फवारणी दिवस मावळताना करा, उघड्या फुलांवर भर सकाळी करू नका, आणि आदल्या दिवशी फोन करा, एवढं मागा. फोन आला तर त्या दिवशी पेटीला आतूनच पाक आणि पाणी द्या, दाराला जाळी लावा आणि वर सावली धरा. माझा अनुभव आहे की शेतकरी ऐकतो, कारण माशीचं मोल त्याला ठाऊक असतं. जालना आणि आपल्या जिल्ह्यात बियाण्यासाठी कांदा लावतात. त्या कांद्याचे गोंडे जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात. माशी फिरली नाही तर गोंडा पोचट राहतो, आणि कांद्याचा मकरंद माशीला फारसा आवडत नाही, त्यामुळे जवळपास भरपूर माश्या असाव्या लागतात. बीजोत्पादक पैसे मोजून पेट्या आणतो. त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष थंडीतलं काम. ते थोडंच आहे. पेटीचं दार पूर्वेला किंवा आग्नेयेला असावं, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन थेट फळीवर येतं आणि माश्या लवकर कामाला लागतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मे महिन्यात सोयीची वाटलेली भिंतीची सावली डिसेंबरात दिवसभर पेटीवर बसलेली असते. जागा बदलायची झाली तर एकदम उचलून कोपऱ्यात नेऊ नका, चरून आलेल्या माश्या जुन्याच जागी गोळा होतील. रोज हातभर सरकवा. शेवग्याखालची जागा उत्तम, कारण थंडीत त्याची पानं झडतात आणि ऊन खाली येतं. दार दोन-तीन बोटांएवढं ठेवा. पेटी उघडायची ती अकरा ते तीनच्या दरम्यान, वारा नसताना, आणि चौकट हातात धरून व्याख्यान द्यायचं नाही. गार हवेत पाच मिनिटं उघडा राहिलेला पिलावा गारठतो, आणि ते नुकसान आठवड्यानं दिसतं. पंधरा दिवसांतून एकदा पाहिलं तरी पुरे. मागून पेटी उचलून वजनाचा अंदाज घेता येतो, तो सराव करा.

तारांवर वेडा राघू आणि कोतवाल बसतील, माश्या उचलतील. लोक कळवळतात, गोफण घेतात. घेऊ नका. जोरकस वसाहतीला दिवसाकाठी काही माश्या गेल्याचं काही वाटत नाही, आणि पक्ष्यांचाही तो परिसर आहे. गांधीलमाशी दारात घुटमळली तर सातेरी स्वतःच तिला घेरते. माश्यांचा गोळा तिच्याभोवती बसतो, सगळ्या मिळून स्नायू थरथरवतात आणि आतली उष्णता इतकी वाढवतात की गांधीलमाशी भाजून मरते आणि माश्या वाचतात. थंडीत पिलावा उबवायला वापरते तीच विद्या.

पौषात मोसंबीच्या बागांना पाणी तोडलेलं असतं. आंबे बहार धरण्यासाठी शेतकरी झाडाला ताण देतो. जानेवारीत पाणी सोडलं की महिनाअखेरीपासून बागा फुलतात, आणि जालना-पैठण-अंबडच्या बाजूला हवेला त्या फुलांचा वास असतो. ज्याची पेटी तोपर्यंत माश्यांनी भरलेली आहे, त्याला मध मिळतो. ज्यानं मोसंबी फुललेली पाहून पाक घालायला सुरुवात केली, त्याचा बहर हुकला, कारण अंड्यापासून चरायला जाणारी माशी तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. तीन आठवडे घरात अंडं, अळी, कोश, आणि पुढचे दोन-तीन आठवडे पेटीतलीच कामं. बहराच्या तारखेतून दीड महिना वजा करा, तेव्हा तुमच्या राणीनं भरपूर अंडी घातलेली असली पाहिजेत. माझ्या मते मधमाशीपालनातला निम्मा हिशेब हाच आहे.

मध काढायचा तो मधकोठीतलाच, आणि तीन-चतुर्थांश घरांवर मेणाचं झाकण बसल्यावर. पिलाव्याच्या चौकटीवरच्या मधाला हात लावायचा नाही. तो उन्हाळ्यासाठी. मोसंबीनंतर करंज, कडुनिंब येतात, कडुनिंबाचा मध किंचित कडसर लागतो. मग वैशाख. तेव्हा पेटीला दिवसभर सावली, वर ओलं गोणपाट, आणि पाणी. आपल्या शहरात नळाला आठवडा-आठवडा पाणी नसतं, हे मान्य. तरी एका पसरट परळात खडे घालून रोज तांब्याभर पाणी ठेवा. नाहीतर माश्या शेजाऱ्यांच्या कुलरवर जातील, आणि तुमची तक्रार होईल.

शिकायचं असेल तर मध संचालनालय प्रशिक्षण देतं, मध केंद्र योजनेत पेट्या आणि साहित्यासाठी निम्मं अनुदान मिळतं, आणि पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. मात्र रानातली वसाहत तोडून पेटीत भरणाऱ्याकडून माश्या घेऊ नका. प्रशिक्षित मधपाळानं विभागणी केलेली वसाहत घ्या. घरात कुणाला दंशाची तीव्र ॲलर्जी असेल, तर पेटीच ठेवू नका. दंश झाला तर काटा नखानं खरवडून लगेच काढा. धाप लागली, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

शेवटी आग्याबद्दल, कारण येत्या काही आठवड्यांत तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या इमारतीला पोळं लागणार आहे. लोक घाबरतात, मग कुणाला तरी बोलावतात, तो रात्री मशाल लावतो आणि हजारो माश्या जळून खाली पडतात. माझी हात जोडून विनंती आहे, हे करू नका. त्याच माश्या तुमच्या आमटीतल्या तुरीवर, तुमच्या डाळिंबावर आणि बियाण्याच्या कांद्यावर फिरत असतात. त्या तुमच्या सज्जावर कायम राहायला आलेल्या नसतात. फुलोरा संपला की पावसाच्या आत आपणहून निघून जातात. तोवर त्या बाजूची खिडकी बंद ठेवा, रात्री तिथला दिवा लावू नका, पोळ्याखाली धूर, फटाके, उग्र अत्तर टाळा, आणि मुलांना दगड मारू देऊ नका. अजिंठ्याला पर्यटकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. तिथेही आवाज आणि धूर टाळणं हीच पहिली खबरदारी. पोळं अगदी दारावर किंवा जिन्यात असेल आणि पर्यायच नसेल, तर न जाळता हलवणारी प्रशिक्षित माणसं आहेत, त्यांना बोलवा. आणि माश्या गेल्यावर रिकामं पोळं तसंच लटकत ठेवू नका. मेणाच्या वासानं पुढच्या वर्षी नव्या माश्या त्याच जागी येतात. तिथे त्या नको असतील, तर मेण खरवडून काढा, जागा धुवा आणि वर चुन्याचा हात मारा.